चांदभाईंचा काटा पाच पुढे

चांदभाईंनी मीटर दुरुस्त केलेली गाडी चालवायची, तर माणसाला वजाबाकी यावी लागे. काटा चाळीसवर असला की गाडी पस्तीसने चाललेली असायची आणि काटा साठवर असला की पंचावन्नने. हे त्यांनी स्वतः कधी कुणाला सांगितलं नाही. शनिवार पेठेतल्या त्यांच्या दुकानात नवीन गिऱ्हाईक आलं, की जुनं गिऱ्हाईक त्याला फुटपाथवर गाठून सांगायचं, "काटा पाच पुढे असतो हं यांचा. पाच वजा करत जा." दुकानात कुणी हे उघड बोललंच, तर चांदभाई मान वर न करता म्हणायचे, "मग दुसरीकडे जा ना. पुण्यात काय मीटरवाले कमी आहेत?"

कमीच होते. म्हणून सगळे तिथंच परत यायचे.

मी श्यामसुंदर, राहणार बिबवेवाडी. कारखान्याच्या कामगारांची बस चालवण्यात माझी अठ्ठावीस वर्षं गेली आणि त्यातली निम्मी तरी दुपारची जेवणं मी चांदभाईंच्या दुकानात केली. दुकान कसलं, दोन माणसं बसली की तिसऱ्यानं उभं राहायचं. भिंतीवर मेलेल्या स्कूटरींची मीटरं टांगलेली. चांदभाई मध्ये बसलेले, एका डोळ्याला घड्याळजीचं भिंग, हातात चिमटा. काम झालं की ते गिऱ्हाइकाच्या गाडीतून आळंदी रस्त्याला जायचे. वस्ती संपली की मैलाच्या जागी आता किलोमीटरचे दगड आहेत, तिथं चालकाला सांगायचे, "काटा साठवर धर आणि हलू देऊ नकोस." मग या दगडापासून त्या दगडापर्यंत मनगटावरचं घड्याळ बघत बसायचे. साठच्या वेगानं किलोमीटरला बरोबर एक मिनिट लागतं, हा हिशेब शाळेतल्या पोरालाही येतो. चांदभाईंच्या काट्याला मात्र पासष्ट सेकंद लागायची. ती लागली की ते "ठीक" म्हणायचे आणि गाडी वळवायला सांगायचे. मी शेजारी बसून हे किती वेळा पाहिलं असेल. कधी विचारलं नाही. आपल्याला वेळेवर चहा मिळतोय ना, मग कशाला?

ही गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची. पोलिसांकडे स्पीड गन नवीनच आली होती आणि नवीन वस्तूचं जे होतं तेच तिचंही चाललं होतं. विश्रांतवाडी सोडली की आळंदी रस्त्यावर पन्नासची पाटी. पाटीपुढे उतार. उताराच्या तळाशी चिंचेचं झाड आणि झाडाआड जीप. उताराच्या तळाशीच का? चढावर का नाही? भरलेली बस उतारावर आपोआप पळते, हे सायकल चालवणाऱ्याला कळतं, सरकारला कळत नाही. आणि लोकांनी हळू जावं असं मनापासून वाटत असेल, तर माणूस झाडाच्या पुढे उभा राहील. मागे लपून राहतो त्याला तुम्ही हळू जायला नको असता.

असो. माझा राग अजून गेलेला नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

त्या गुरुवारी सकाळी हवालदारानं बस बाजूला घ्यायला लावली आणि गनवरचा आकडा दाखवला. छप्पन.

"शक्यच नाही," मी म्हणालो. "माझा काटा पंचावन्नवर होता."

"म्हणजे तुम्हीच कबूल करताय."

"अहो, पंचावन्न म्हणजे पन्नास!"

हवालदारानं माझ्याकडे नीट पाहिलं. "पंचावन्न म्हणजे पन्नास? कुठल्या शाळेत होता आपण?"

बसमधले कामगार हसले. मच्छिंद्र नावाचा फिटर खिडकीतून ओरडला, "श्यामराव, घ्या पावती आणि चला, शिफ्ट चुकेल." मी पावती घेतली. ती तिसरी होती. अठ्ठावीस वर्षांत एक नाही आणि दोन महिन्यांत तीन. आणि कारखान्याच्या करारातच लिहिलेलं होतं की ज्या ड्रायव्हरला वेगाच्या तीन पावत्या होतील, त्यानं तीन महिने बसवर बसायचं नाही.

तीन महिने म्हणजे काय, ते ड्रायव्हरला विचारा. आपल्या सीटवर दुसरा बसला की तो उठत नाही. त्यात मी पन्नाशी ओलांडलेली. मालकांना तरणाताठा, निम्म्या पगाराचा माणूस मिळाला की ते मला कशाला परत बोलावतील? संध्याकाळी बस लावली आणि सरळ मालकांकडे गेलो.

मालक श्रीनिवासराव यांचं बोलणं तारेसारखं, शब्दाला पैसे पडल्यासारखं. "नियम कारखान्याचा आहे. माझा नाही."

"साहेब, गन खोटी आहे."

"हे कुणाला सांगणार? गनला?" मग त्यांनी जरा विचार केला. माणूस वाईट नव्हता. "तुझा काटा पंचावन्नवर होता म्हणतोस. काटा पाच पुढे असतो, असं मीटरवाल्यानं लिहून दिलं, तर तुझे खरे पन्नास होतात. मग चूक गनची. ते पत्र मी कारखान्यात दाखवू शकतो. सोमवारी सकाळी दहापर्यंत आण."

मी जवळजवळ उडीच मारली. काटा पाच पुढे असतो हे अख्ख्या पुण्याला माहीत होतं. चांदभाईंनी फक्त कागदावर उतरवायचं होतं.

घरी हेमाला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, पण चांदभाईंनी आजवर तोंडानं कबूल केलं नाही, ते लिहून कसं देतील?" मी म्हणालो, "माझ्यासाठी देतील." तिनं ताट वाढलं. भाजी मात्र खारट झाली होती आणि ती तशी कधी होत नाही.

शुक्रवारी दुपारी दुकानात गेलो तेव्हा चांदभाईंच्या पत्नी, सुगराबी, डबा घेऊन आल्या होत्या. मी सगळं सांगितलं. गनला, झाडाला, जीपला मनसोक्त शिव्या दिल्या. चांदभाई हसतील असं वाटलं होतं. त्यांनी भिंग डोळ्यावरून काढलं आणि खाली ठेवलं.

"काटा पंचावन्नवर होता? नक्की?"

"नजर काट्यावरच होती माझी. बरोब्बर पन्नासनं चाललो होतो."

"आणि आधीच्या दोन पावत्या?"

"त्याही तशाच. दिवाळीनंतरच्या."

सुगराबींनी पोळी वाढली, तिच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. मग म्हणाले, "उद्या दोन शिफ्टच्या मध्ये बस घेऊन ये."

"कशाला? कागद-पेन आहे ना इथं?"

"श्याम, बस घेऊन ये."

शनिवारी बारा वाजता आम्ही रिकामी बस घेऊन आळंदी रस्त्याला लागलो. पाटीबिटी सगळं मागे टाकून सरळ पट्ट्यात आलो. मी काटा साठवर धरला. पहिला दगड गेला. चांदभाईंनी घड्याळावर मान खाली घातली. मी मनात मोजत होतो आणि मला माहीत होतं की दुसरा दगड पासष्टला येणार. तो फार लवकर आला.

"किती?"

"वळव. परत घे."

परत घेतलं. दगड परत लवकर आला.

"साठ," चांदभाई म्हणाले.

"घड्याळाला चावी दिली होती का?"

"घड्याळ बरोबर आहे. काटाही बरोबर आहे. तेच तर झालंय."

मी बस बाजूला घेतली. मग त्यांनी विचारलं, "दिवाळीत पासिंग झालं, तेव्हा मी तुला काय सांगितलं होतं?"

तेव्हा मला आठवलं. वर्षातून एकदा बस आरटीओच्या पासिंगला जायची. त्याआधी मालक निरोप पाठवायचे की काटा बिनचूक लावून द्या. चांदभाई तेवढ्यापुरता खरा लावायचे. आणि दरवर्षी मला बजावायचे, "पासिंग झालं की गाडी परत आण, केबलला तेल घालायचं राहिलंय." मी आणायचो. तेल घालायच्या निमित्तानं ते गुपचूप काटा पुन्हा पाच पुढे करत असणार. यंदा दिवाळीची धांदल होती, मेहुण्याकडे लग्न होतं. केबलचं तेल काय, पुढच्या महिन्यात घालू, म्हणून मी गेलोच नाही.

म्हणजे दोन महिने काटा खरा होता आणि मी त्यातून रोज पाच वजा करत होतो. पन्नासच्या पाटीखालून छातीठोकपणे पंचावन्ननं जात होतो आणि वर सरकारच्या नावानं खडे फोडत होतो. गन तिन्ही वेळा खरं बोलली होती.

मला इतका राग आला की कुणावर काढावा कळेना. समोर चांदभाईच होते. "पण मुळात काटा पुढे ठेवायचा हा नसता उद्योग कुणी सांगितला होता तुम्हाला?"

रस्त्यानं एक ट्रॅक्टर गेला, तो पार दिसेनासा होईपर्यंत ते बघत राहिले.

"तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो," ते म्हणाले. "पोस्टात यज्ञेश्वर म्हणून कारकून होता. त्याच्या स्कूटरचा काटा मी घाईघाईत बसवला. मला सिनेमाला जायचं होतं. काटा दहा मागे बसला. त्याला वाटलं आपण चाळीसनं चाललोय, गाडी होती पन्नासला. कात्रजच्या वळणावर गाडी घसरली. जीव वाचला, पण पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला."

"मग तो भांडायला आला?"

"आला असता तर बरं झालं असतं. त्यानं भावाच्या हाती ते फुटकं मीटर पाठवलं. सोबत चिठ्ठी. स्कूटर विकायची आहे, कृपया दुरुस्त करून द्यावे, आपला यज्ञेश्वर. आपला, असं लिहिलं होतं रे त्यानं." चांदभाईंनी रुमालानं घड्याळाची काच पुसली. "त्याला कळलंच नव्हतं की चूक कुणाची. आणि मी सांगितलं नाही. तेव्हापासून माझ्या हातचा काटा पुढेच जातो. म्हटलं, लोक चुकले तर हळू जाण्याकडे चुकतील."

"लोक वजा करतात, चांदभाई."

"माहीत आहे मला. मी काय मूर्ख आहे? काटा पुढे ठेवला की मला झोप लागते. एवढाच त्याचा उपयोग."

मला त्यांची दया आली, हे खरं आहे. पण मला माझी सीटही दिसत होती. मी बेशरमपणे म्हणालो, "मग एक करा. आज काटा पाच पुढे लावा आणि उद्या लिहा की काटा पाच पुढे आहे. त्यात खोटं काही नाही. कुणी तपासलं तरी पुढेच निघेल."

दुकानात परतल्यावर त्यांनी मीटर काढलं, काच उघडली, चिमट्यानं काटा उचलला. मी बघत होतो. काटा चिमट्यात आणि चिमटा हवेत. मग त्यांनी काटा होता तिथंच परत ठेवला आणि म्हणाले, "तू जा आता. सोमवारी सकाळी पाकीट घेऊन जा."

रविवार कसा काढला ते हेमाला विचारा. मी तीन वेळा दाढीला बसलो आणि तीन वेळा उठलो. त्यांनी काटा हलवला असेल की नसेल? मी गेल्यावर हलवला असेल. माझ्यासमोर लाज वाटली असेल. नाही, नसेल हलवला. सोमवारी पाकीट हातात पडलं, तर ते डिंकानं घट्ट चिकटवलेलं. चांदभाई माझ्याकडे न बघता म्हणाले, "मालकांनाच उघडू दे." रस्त्यात मी ते उन्हात धरून पाहिलं. काही दिसलं नाही.

श्रीनिवासरावांनी पाकीट फोडलं आणि मोठ्यानं वाचलं.

"बसचे मीटर मी शनिवारी रस्त्यावर तपासले. काटा बिनचूक आहे. पोलिसांचा आकडाही बिनचूक आहे. मात्र गेली तीसेक वर्षे मी गिऱ्हाइकास न सांगता काटा पाच पुढे लावत आलो. फक्त पासिंगच्या गाड्यांना खरा लावतो व नंतर पुन्हा पुढे करतो. ही बस परत आली नाही. श्यामसुंदर यांनी नेहमीप्रमाणे पाच वजा करून गाडी चालवली. त्यांचा वेग चुकला, नियत चुकली नाही. चूक माझी आहे. चांद शेख."

मालकांनी चष्मा काढला. "माणूस सरळ आहे," ते म्हणाले. "पण यानं तू सुटत नाहीस." त्यांनी हात पुढे केला. मी बसची किल्ली त्यावर ठेवली. "आणि आपल्या गाड्यांची मीटरं यापुढे दुसरीकडे द्यायची," ते क्लार्कला म्हणाले.

मी स्कूटर काढली आणि तडक शनिवार पेठेत गेलो. काय काय बोलायचं ते रस्ताभर पाठ करत होतो. अठ्ठावीस वर्षांची ओळख, एकत्र खाल्लेलं मीठ, सगळं काढणार होतो. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं आणि त्यावर कागद चिकटवला होता. "येथून पासिंगला गेलेल्या गाड्यांचा काटा खरा आहे. कृपया पाच वजा करू नये." आत सुगराबी एकट्या बसल्या होत्या.

"कुठे आहेत?"

"सकाळभर यादी करत बसले आणि आत्ताच निघाले. नऊ गाड्या आहेत म्हणे, तुमच्यासारख्या. पासिंगनंतर परत न आलेल्या. एकेकाला गाठून सांगायला गेलेत."

"कशानं?"

"बसनं. डोळे कुठे राहिलेत आता स्कूटर चालवायला?" त्यांचा आवाज फुटला. "भाऊ, शुक्रवारपासून नीट जेवले नाहीत. घास हातात घेतात आणि म्हणतात, कुणीतरी आत्ता, या घडीला पाच वजा करत असेल."

पाठ केलेलं सगळं भाषण तिथंच राहिलं. मी शनिवारवाड्यासमोरच्या बसस्टॉपवर गेलो. चांदभाई तिथंच उभे होते. हातात यादी, डोळ्यांजवळ धरलेली.

"तुम्ही माझं वाटोळं केलंत," मी म्हणालो.

"हो."

"मालकांचं कामही गेलं तुमचं."

"जाणारच होतं."

"बसा मागे. पहिली गाडी कुठली?"

"विश्रांतवाडी. शाळेची व्हॅन आहे. मंदाकिनीबाई चालवतात. सव्वाबाराला शाळा सुटते." पावणेबारा वाजले होते.

रस्त्यात गर्दी लागली. चांदभाई माझ्या खांद्याआडून सारखे घड्याळ बघत होते. पुलाअलीकडे चाळीसची पाटी आली. माझी स्कूटरही त्यांच्याच हातची होती, पासिंगला न गेलेली, म्हणजे काटा पाच पुढे. सवयीनं काटा पंचेचाळीसवर न्यायला माझी मूठ वळायला लागली. आणि जन्मात पहिल्यांदा चांदभाई म्हणाले, "श्याम, जरा पळव रे."

काटा चाळीसवर होता. मी पाच वजा केले नाहीत.

शाळेसमोर पोचलो तेव्हा व्हॅन भरत होती. मंदाकिनीबाई दार लावत होत्या, आत चौदा पोरं एकमेकांच्या अंगावर बसून कालवा करत होती. चांदभाई स्कूटर थांबायच्या आधीच उतरले, धडपडले, व्हॅनच्या दाराला धरून उभे राहिले. म्हणाले, "बाई, मीटरबद्दल सांगायचं होतं."

मंदाकिनीबाई हसल्या. "काळजी करू नका हो, चांदभाई. तुमचा काटा पाच पुढे असतो, माहीत आहे मला. मी रोज वजा करूनच चालवते."

चांदभाई व्हॅनच्या पायरीवर खालीच बसले. मग मीच मंदाकिनीबाईंना सगळं सांगितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडताना पाहिला. त्यांनी एकदा मागे वळून पोरांकडे बघितलं.

"पण मला तर कधी पावती झाली नाही," त्या हळूच म्हणाल्या.

नव्हतीच झाली. त्यांच्या रस्त्यावर झाडाआड कुणी उभंच नव्हतं.